चित्रबंदी की व्यवसायबंदी? एमिल नोल्डे यांचे प्रकरण

२३ ऑगस्ट १९४१ या तारखेचे एक सरकारी पत्र जर्मन चित्रकार एमिल नोल्डे यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांनी वयाची ७४ वर्षे पूर्ण केली होती. पत्र पाठविणारे आडोल्फ त्सीग्लर हे दृश्यकलांच्या राइख मंडळाचे, म्हणजे कलावंतांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नाझी सरकारी संस्थेचे, अध्यक्ष होते आणि स्वतःही चित्रकार होते. चार वर्षांपूर्वी देशभरातील संग्रहालयांतून नाझींनी 'अधःपतित', म्हणजे विकृत, ठरविलेली आधुनिक चित्रे उचलून आणणाऱ्या समितीचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते. त्या मोहिमेत एकट्या नोल्डे यांच्या १,०५२ कलाकृती जप्त कराव्या लागल्या होत्या, याची आठवण देऊन पत्रात पुढे कळविले होते की, तपासणीसाठी मागविलेली अलीकडची कामे पाहूनही चित्रकारात काही सुधारणा दिसत नाही. सबब आवश्यक ती विश्वासार्हता नसल्यामुळे त्यांना मंडळातून काढून टाकण्यात येत आहे आणि दृश्यकलेच्या क्षेत्रात कोणताही व्यवसाय, अगदी जोडधंदा म्हणूनही, करण्यास त्यांना तत्काळ मनाई करण्यात येत आहे.

हे पत्र शब्दशः वाचले तर मनाई व्यवसायाला आहे. चित्रे विकू नयेत, प्रदर्शनात मांडू नयेत, हा त्याचा अर्थ. मंडळाचे सदस्यत्व गेल्यामुळे युद्धकाळात नियंत्रित वाटपातून मिळणारे रंग आणि कॅनव्हास मिळण्याचा सरळ मार्गही बंद झाला, हे खरे. परंतु स्वतःच्या घरात बसून चित्र काढू नये, असे त्या पत्रात कोठेही म्हटलेले नाही. तरीही युद्धानंतर सुमारे सहा दशके जर्मनीत आणि जर्मनीबाहेरही 'चित्रे काढण्यास बंदी घातलेला चित्रकार' हीच नोल्डे यांची ओळख राहिली. एका शब्दाच्या फरकातून एवढे मोठे चरित्र कसे उभे राहिले आणि ते उभे करताना कोणती कागदपत्रे बाजूला ठेवली गेली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

चित्रकार आणि त्याची भूमी

नोल्डे यांचे मूळ नाव हान्स एमिल हान्सेन. जन्म ७ ऑगस्ट १८६७ रोजी, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमेवरील टोन्डर्न या गावाजवळच्या नोल्डे नावाच्या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. हा प्रदेश तेव्हा प्रशियाच्या ताब्यात होता. १९२०च्या सार्वमतानंतर तो डेन्मार्ककडे गेला आणि नोल्डे कागदोपत्री डॅनिश नागरिक झाले. ते नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. हा तपशील कोरडा वाटला तरी पुढे महत्त्वाचा ठरतो. सीमेवरच्या माणसाला आपण पलीकडचे नाही हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि नोल्डे यांनी आपल्या जर्मनपणाची ग्वाही आयुष्यभर गरजेपेक्षा मोठ्या आवाजात दिली.

त्यांची सुरुवात चित्रकलेत झाली नाही. फ्लेन्सबुर्ग येथील फर्निचरच्या एका कारखान्यात ते लाकडावरील कोरीवकाम शिकले, आणि १८९२पासून काही वर्षे स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या उद्योग संग्रहालयात त्यांनी रेखाटनाचे शिक्षक म्हणून नोकरी केली. तेथे असताना आल्प्सच्या शिखरांना म्हाताऱ्या राक्षसांचे चेहरे देऊन त्यांनी पोस्टकार्डे काढली. ती इतकी खपली की त्या पैशावर त्यांना नोकरी सोडता आली. तिशी ओलांडलेला हा विद्यार्थी म्युनिकच्या कला अकादमीने नाकारला. मग त्याने खाजगी शिकवण्या घेतल्या, पॅरिसला जाऊन पाहिले, कोपनहेगनमध्ये काही काळ काढला. १९०२मध्ये आडा विल्स्ट्रुप या डॅनिश तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांनी आपल्या गावाचे नाव आडनाव म्हणून घेतले.

१९०६मध्ये ड्रेस्डेन येथील 'ब्र्युके' या तरुण चित्रकारांच्या गटाने त्यांना बोलावून घेतले. कार्ल श्मिट-रोटलुफ यांनी पाठविलेल्या निमंत्रणात त्यांच्या 'रंगांच्या वादळां'चा गौरव होता. नोल्डे त्या गटात जेमतेम दीड वर्ष राहिले. गटात राहणे त्यांना कधीच जमले नाही. १९०९मध्ये त्यांनी 'शेवटचे भोजन' आणि 'पेंटेकोस्ट' (ख्रिस्ताच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा प्रसंग) ही चित्रे रंगविली. त्यांतील प्रेषित शेतकऱ्यांसारखे रुंद तोंडाचे आहेत, त्यांचे चेहरे पिवळ्या-हिरव्या उजेडात जळत असल्यासारखे दिसतात, आणि चर्चमध्ये शोभेल असे गोड-गोजिरे त्यांत काहीही नाही. 'शेवटचे भोजन' हे चित्र १९१३मध्ये हाल्ले येथील संग्रहालयाचे संचालक माक्स झाउअरलांट यांनी विकत घेतले, तेव्हा बर्लिनच्या संग्रहालयांचे सर्वेसर्वा विल्हेल्म फॉन बोडे यांनी जाहीर आक्षेप घेतला. म्हणजे नोल्डे यांच्या चित्रांना विरोध करणारे नाझींच्या कितीतरी आधीपासून होते.

१९१०चा राग

'पेंटेकोस्ट' हे चित्र १९१०मध्ये बर्लिन सेसेशन या कलासंस्थेने प्रदर्शनासाठी नाकारले. नोल्डे यांनी संस्थेचे अध्यक्ष माक्स लीबरमान यांच्यावर जाहीर पत्रातून हल्ला चढविला, आणि संस्थेने नोल्डे यांना सदस्यत्वावरून काढले. चित्रकारांच्या संस्थांत अशी भांडणे होतच असतात. एरवी हे प्रकरण दोन हंगामांत विसरले गेले असते. लीबरमान ज्यू होते. संस्थेशी जवळचा संबंध असलेले बडे चित्रव्यापारी पाउल कासिरर हेही ज्यू होते. नोल्डे यांच्या मनात या नकाराचा अर्थ हळूहळू बदलत गेला. एका परीक्षक मंडळाने आपले एक चित्र नाकारले, इतकेच घडले होते. पण ज्यूंच्या ताब्यातील कलाजगताविरुद्ध आपण एकट्याने झुंज दिली, अशी त्याची कथा त्यांनी स्वतःलाच सांगायला सुरुवात केली. १९३४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात ही कथा उघड ज्यूद्वेषी भाषेत छापून आली. ती कोणी त्यांच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतली नव्हती.

वास्तविक त्यांच्या सुरुवातीच्या खंद्या पुरस्कर्त्यांमध्ये रोझा शापिरे या हॅम्बर्गच्या ज्यू कलासमीक्षक होत्या. त्यांची आठवण या कथेत कोठे बसविता येत नव्हती.

मधल्या काळात नोल्डे यांचे नाव मोठे झाले. १९१३-१४मध्ये ते सैबेरिया, जपान आणि चीनमार्गे जर्मन न्यू गिनीला गेलेल्या सरकारी वैद्यकीय मोहिमेबरोबर जाऊन आले. १९२७मध्ये, साठी पूर्ण झाली तेव्हा, ड्रेस्डेनमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, कील विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि पाउल क्ले यांनी त्यांच्यावर गौरवाचा मजकूर लिहिला. त्याच वर्षी सीमेच्या जर्मन बाजूला, दलदलीच्या सपाट प्रदेशातील एका उंचवट्यावर त्यांनी झेब्युल हे घर बांधायला घेतले. घराच्या बागेतील वाटा त्यांनी ए आणि ई या रोमन अक्षरांच्या आकारात आखल्या, आडा आणि एमिल यांची आद्याक्षरे म्हणून. १९३१मध्ये प्रशियाच्या कला अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. हिटलर सत्तेवर आला तेव्हा नोल्डे हे उपेक्षित चित्रकार नव्हते. ते जर्मनीतील सर्वांत मान्यवर चित्रकारांपैकी एक होते, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे.

१९३३ ते १९३७: दारात उभा माणूस

नव्या राजवटीत आधुनिक कलेचे काय करायचे, याविषयी नाझींमध्येच पहिली काही वर्षे एकमत नव्हते. बर्लिनमधील नाझी विद्यार्थी संघटनेचा एक गट अभिव्यक्तिवादाला, म्हणजे नोल्डे आणि 'ब्र्युके' यांच्या भडक रंगांच्या, भावनाप्रधान शैलीला, अस्सल जर्मन, उत्तरेकडची कला मानून नोल्डे यांचे नाव पुढे करीत होता. प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या घरी नोल्डे यांची जलरंगचित्रे होती. दुसऱ्या बाजूला नाझी पक्षाचे विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्ग आणि त्यांचे अनुयायी हीच कला रोगट ठरवीत होते. या वादात आपण राष्ट्राचे चित्रकार ठरू, अशी नोल्डे यांना प्रामाणिक आशा होती. नोव्हेंबर १९३३मध्ये, हिटलरच्या म्युनिकमधील फसलेल्या उठावाला दहा वर्षे झाल्याच्या सोहळ्याला ते एसएस या नाझी दलाचे प्रमुख हिमलर यांचे पाहुणे म्हणून उपस्थित राहिले. ऑगस्ट १९३४मध्ये हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंत-लेखकांच्या जाहीर आवाहनावर त्यांची सही होती. त्याच वर्षी ते उत्तर श्लेस्विगमधील, म्हणजे डेन्मार्कमधील जर्मन अल्पसंख्याकांच्या, नाझी संघटनेत दाखल झाले. ती संघटना पुढे नाझी पक्षाच्या तेथील शाखेत विलीन झाली.

एवढे सगळे संधिसाधूपणात मोजता येईल, आणि तसे मोजणारे पुष्कळ होते. परंतु १९३३मधील दोन गोष्टी त्या खात्यात बसत नाहीत. पहिली अशी की, 'ब्र्युके' गटातील जुने सहकारी माक्स पेखश्टाइन हे ज्यू आहेत, असे नोल्डे यांनी सरकारी अधिकाऱ्याला सांगितले. पेखश्टाइन ज्यू नव्हते. त्यांना आपली वंशावळ सिद्ध करण्याची खटपट करावी लागली, आणि नोल्डे यांनी आपले विधान मागे घेतले नाही. त्या काळच्या बर्लिनमध्ये अशा एका वाक्याने माणसाच्या पोटावर पाय येत असे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होते. दुसरी गोष्ट अशी की, त्या उन्हाळ्यात ज्यूंना जर्मनीतून बाहेर नेऊन वसविण्याची एक योजना नोल्डे आखत होते आणि ती हिटलरपर्यंत पोहोचविण्याचा त्यांचा विचार होता. हे घरातल्या पत्रव्यवहारातून कळते. कोणी मागितलेली नसताना, कोणताही लाभ पदरात पडणार नसताना केलेली ही कामे आहेत. त्यांच्यामागे श्रद्धा होती असेच म्हणावे लागते.

श्रद्धेला प्रतिसाद मिळाला नाही. हिटलरला ही चित्रे आवडत नव्हती आणि शेवटी त्याचाच शब्द चालला. १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' हे प्रदर्शन उघडले. अरुंद, कोंदट खोल्यांत चित्रे दाटीवाटीने टांगून भिंतींवर टिंगलीचे मजकूर लिहिले होते. ख्रिस्ताच्या जीवनावरील नोल्डे यांचे नऊ भागांचे चित्र सुरुवातीच्याच दालनात होते. जप्त झालेल्या कलाकृतींची संख्या पाहता इतर कोणत्याही कलावंतापेक्षा मोठा घाव नोल्डे यांच्यावर पडला, हे निर्विवाद आहे. येथे दंतकथेला काही जोडावेही लागत नाही.

पण नोल्डे यांनी या घावानंतर काय केले, ते दंतकथेत नव्हते. त्यांनी सत्ताधाऱ्यांना पत्रे लिहिली. जुलै १९३८मध्ये गोबेल्स यांना लिहिलेल्या पत्रात आपली बदनामी थांबवावी, अशी विनंती करताना त्यांनी परकीय प्रभावाविरुद्धच्या आपल्या जुन्या लढ्याचा आणि पक्षनिष्ठेचा दाखला दिला. या खटपटींना काही प्रमाणात यशही आले. प्रदर्शन पुढच्या शहरांत फिरत असताना त्यांची चित्रे त्यातून काढली गेली, आणि जी त्यांची स्वतःच्या मालकीची होती ती, ख्रिस्तजीवनाच्या नऊ चित्रांसह, त्यांना परत मिळाली. चित्रांचे विषयही बदलले. बायबलमधील प्रसंग मागे पडले, आणि त्यांच्या जागी वायकिंग योद्धे, उत्तरेकडचे पुराणपुरुष, डोंगरमाथ्यावरच्या पेटत्या गढ्या दिसू लागल्या. खाजगी ग्राहक होतेच. १९४१पर्यंत विक्री उत्तम चालू होती. किंबहुना बदनाम केलेल्या चित्रकाराची चित्रे तरीही खपतात, हेच त्सीग्लर यांच्या पत्रामागचे एक कारण असावे, असे घटनाक्रम पाहता वाटते.

पत्र आल्यानंतरही त्यांची निष्ठा ढळली नाही. १९४२मध्ये ते व्हिएन्नाला जाऊन तेथील नाझी प्रमुख बाल्डुर फॉन शिराख यांच्याकडे मदतीची याचना करून आले. युद्धात जर्मनीचा विजय व्हावा ही इच्छा त्यांच्या त्या वर्षांतील टिपणांतून दिसते. तेल गेले, तूप गेले, तरी हातातले धुपाटणे त्यांनी खाली ठेवले नाही.

'न रंगविलेली चित्रे'

आता त्या चिमुकल्या कागदांकडे यावे लागते, कारण पुढची सगळी कथा त्यांच्यावरच उभी आहे. झेब्युलच्या घरात जलरंगातील तेराशेहून अधिक छोटी चित्रे तयार झाली. बहुतेक कागद पुस्तकाच्या पानाएवढे किंवा त्याहूनही लहान आहेत. नोल्डे यांची रीत अशी होती की शोषक जपानी कागद आधी पाण्याने चिंब करायचा, त्यावर भरपूर रंग सोडायचा आणि तो कागदात आपोआप पसरू, झिरपू, शेजारच्या रंगात मिसळू द्यायचा. जांभळ्यात नारिंगी शिरले की मध्येच एखादा तपकिरी गाल किंवा कपाळ तयार होई. कागद सुकल्यावर त्या डागांतून त्यांना जो चेहरा, जी जोडी, जे भूत दिसे त्याला शाईच्या मोजक्या रेषांनी बाहेर काढायचे. आधी रंग, मग आकार. या चित्रांना नोल्डे यांनीच 'न रंगविलेली चित्रे' असे नाव दिले. पुढे तैलरंगात मोठी करायची म्हणून राखून ठेवलेली, असा त्याचा एक साधा अर्थ होता. युद्धानंतर त्यांपैकी कित्येकांवरून त्यांनी खरोखरच तैलचित्रे केली.

दंतकथेने या नावाचा अर्थ फिरविला. चित्रे काढण्यास बंदी होती. गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, केव्हाही तपासणीला येई. तैलरंगाच्या वासाने बिंग फुटेल म्हणून वृद्ध चित्रकार घराच्या एका खोलीत लपून, सहज दडविता येतील एवढ्या कागदांवर जलरंगात काम करीत असे, अशी ती कथा. कथा म्हणून ती इतकी घट्ट बसते की तैलरंगाचा वास वाचणाऱ्याच्या नाकाशी येतो. प्रत्यक्षात यांपैकी बरेच कागद १९४१च्या आधीचे आहेत, आणि लहान आकारात जलरंग वापरण्याची सवय तर त्याहूनही जुनी होती.

कथा कोणी सांगितली

पहिले सांगणारे नोल्डे स्वतःच. १९४६मध्ये कील येथील नाझीमुक्ती समितीपुढे, म्हणजे युद्धानंतर लोकांचे नाझी संबंध तपासणाऱ्या समितीपुढे, त्यांचे प्रकरण आले तेव्हा १९३७ची जप्ती आणि १९४१चे पत्र हेच मुख्य पुरावे ठरले, आणि पक्षसदस्य असूनही ते दोषमुक्त झाले. त्याच वर्षी आडा यांचे निधन झाले. १९५२च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मुद्राचित्रांसाठीचा पुरस्कार, त्याच वर्षी 'पूर ल मेरित' हा सन्मान, १९५५मध्ये कास्सेल येथील पहिल्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात स्थान, असे मान नंतर मिळत गेले. १३ एप्रिल १९५६ रोजी झेब्युल येथे त्यांचा मृत्यू झाला.

पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झाले आणि कागदपत्रे त्याच्या ताब्यात गेली. आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९५८मध्ये निघाली, तेव्हा १९३४च्या आवृत्तीतील ज्यूद्वेषी उतारे तिच्यातून गळाले होते. 'न रंगविलेल्या चित्रां'वर १९६३मध्ये पुस्तक लिहिले ते वेर्नर हाफ्टमान यांनी. 'डॉक्युमेंटा'चे वैचारिक सूत्रधार असलेले हे कला-इतिहासकार त्या काळी पश्चिम जर्मनीत आधुनिक कलेचे सर्वांत वजनदार भाष्यकार होते. हाफ्टमान स्वतः १९३७पासून नाझी पक्षाचे सदस्य होते, हे मात्र त्यांच्या मृत्यूनंतर खूप वर्षांनी उघड झाले. नोल्डे यांची कथा लिहिताना त्यांच्या लेखणीला आलेल्या ओघाचे थोडे स्पष्टीकरण त्यात मिळते.

मग १९६८मध्ये झीगफ्रीड लेन्त्स यांची 'डॉइचश्टुंडे' ही कादंबरी आली. तिच्यातील चित्रकाराचे नाव माक्स लुडविग नान्सेन आहे. नोल्डे यांचे मूळ आडनाव हान्सेन होते, हे जाणणाऱ्या वाचकाला रोख लगेच कळतो. कादंबरीत गावचा पोलीस या चित्रकाराला चित्रे काढण्याची बंदी कळवितो आणि तिच्या अंमलासाठी त्याच्यावर पाळत ठेवतो. कादंबरीकाराला तेवढी मुभा असतेच, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण ही कादंबरी शाळांतून शिकविली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी नान्सेनवरून नोल्डे ओळखला.

माझ्या मते यामागे निव्वळ लबाडी नव्हती; गरजही होती. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीला असा एक मोठा चित्रकार हवा होता, जो आधुनिक आहे, ज्याचा छळ झाला आहे आणि तरीही जो देश सोडून गेला नाही. परागंदा झालेल्यांकडे पाहिले की राहिलेल्यांना ओशाळे वाटे. नोल्डे यांच्याकडे पाहून तसे वाटत नसे. चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी बॉनच्या आपल्या कार्यालयात त्यांची चित्रे लावली, ती काही चित्रकाराच्या राजकारणाला दिलेली दाद नव्हती. छळ झालेल्या कलेचा तो मान होता.

कपाटे उघडल्यावर

नोल्डे यांच्या पक्षसदस्यत्वाचा उल्लेख अधूनमधून होत असे, पण भाबड्या खेडवळ कलावंताची चूक म्हणून तो झटकला जाई. चित्र बदलले ते प्रतिष्ठानचे नवे संचालक क्रिस्टिआन रिंग यांनी २०१३नंतर दप्तर संशोधकांना खुले केल्यावर. इतिहासकार बेर्नहार्ड फुल्डा आणि कला-इतिहासकार आया सोइका यांनी हजारो पत्रे आणि टिपणे वाचून काढली. त्या कामावर आधारलेले प्रदर्शन एप्रिल ते सप्टेंबर २०१९ या काळात बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात भरले. त्याच्या नावातच 'एक जर्मन दंतकथा' हे शब्द होते. चित्रांसोबत पत्रे मांडली होती, त्यामुळे एखाद्या फुलबागेच्या चित्रापुढे उभे राहून त्याच सुमारास लिहिलेला ज्यूद्वेषी मजकूर वाचण्याची वेळ प्रेक्षकावर येत होती.

या प्रदर्शनासाठी चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांच्या कार्यालयातून 'फुटणारी लाट' हे नोल्डे यांचे १९३६चे सागरचित्र मागवून घेण्यात आले. प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाने ते कार्यालयाला उसने दिले होते. मेर्केल यांनी ते चित्र परत नको असे कळविले आणि तेथे असलेले दुसरे, १९१५चे फुलबागेचे चित्रही परत केले. रिकाम्या जागी श्मिट-रोटलुफ यांची चित्रे लावण्याचा विचार झाला. परंतु त्यांच्याही पहिल्या महायुद्धातील पत्रांत ज्यूद्वेषी मजकूर असल्याचे पुढे आल्यावर तो बेत सोडून देण्यात आला. श्मिट-रोटलुफ यांच्यावरही १९४१मध्येच व्यवसायबंदी आली होती, आणि ते नाझी नव्हते. दोघांना एकाच मापाने मोजण्यात सरकारी सावधगिरी किती आणि विचार किती, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता.

झेब्युलचे संग्रहालय चालू आहे. उन्हाळ्यात ए आणि ई अक्षरांच्या वाटांवरून लोक फिरतात, आणि प्रतिष्ठान आता चित्रकाराची नाझीनिष्ठा लपवीत नाही. संशोधकांपुढचे काम मात्र त्या छोट्या कागदांपाशी अडते. नोल्डे यांनी त्यांच्यावर तारखा घातल्या नाहीत, त्यामुळे त्सीग्लर यांच्या पत्राच्या आधीचा कागद कोणता आणि नंतरचा कोणता, हे एकेका कागदाच्या बाबतीत कागदाची जात, रंग आणि पत्रांतील ओझरते उल्लेख जुळवून ठरवावे लागते.